कपाटातलं चंदगडचं झाड

मामा, आज विभागातलं तुमचं कपाट उघडलं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्याला मामांचं कपाटच म्हणतात. आत वाळवून जाड कागदावर चिकटवलेली झाडं आणि डांबरगोळ्यांचा तोच वास. वनस्पतीशास्त्र विभागातले तुम्ही साधे अटेंडंट, पण अख्ख्या विद्यापीठात तुमच्याइतके नमस्कार कुलगुरूंनाही मिळत नसत. मला मात्र तुमच्याकडून आधी मिळाल्या त्या शिव्या. वाळत ठेवलेल्या झाडांखालची रद्दी रोज बदलावी लागते, नाहीतर बुरशी धरते, आणि मी ती दोन दिवस बदललीच नव्हती. साऱ्या वर्गासमोर तुम्ही ओरडलात, "आगं, कागद बदलाय जमंना तर आलीस कशाला हिकडं? झाड मेलं म्हंजे त्येची किंमत संपली व्हय?" मग दुपारी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवलीत. "खा. फुगून बसून पोट भरत न्हाय."

चंदगडची सहल आठवते. पाऊस धो धो कोसळतोय, पायाला जळवा लागल्यात आणि मी एसटीच्या शेडमध्ये रडकुंडीला येऊन उभी आहे. तुम्ही एकटेच ओढ्याच्या कातळावर उतरता आणि ओंजळीत मुळासकट एक इवलंसं रोप घेऊन येता. "ह्ये बघ की. ह्ये आपल्या कपाटात न्हाय." कपाटात काय आहे ते आम्ही पाठ करायचो, काय नाही ते फक्त तुम्हाला पाठ होतं. ते झाड जिल्ह्यात आधी कुणी नोंदवलेलंच नव्हतं. पुढे लेबल लिहिताना 'संकलक' या शब्दापुढे मी माझं नाव लिहिलं, एकटीचं. तुम्ही ते वाचलंत, मागे डिंक लावलात, नीट चिकटवलंत आणि देठाला दोऱ्याचे दोन टाके घातलेत. त्या झाडावर माझा पहिला शोधनिबंध झाला, आणि त्याच्या जोरावर याच विभागात नोकरी.

मग तुमच्या किडन्या गेल्या. तीन वर्षं डायलिसिस. हातकणंगल्याजवळच्या तुमच्या घरी मी एकदाच आले, आज सांगून टाकायचंच असं ठरवून. तुम्ही खाटेवरूनच मामींना हाक मारलीत, "आगं, च्या ठेव. चंदगडचं झाड शोधल्यालं म्हणत न्हवतो का? त्याच ह्या बाई." एरवी मला 'पोरी' म्हणणारे तुम्ही त्या दिवशी 'बाई' म्हणालात. मी मान खाली घालून चहा प्यायले आणि पावसापाण्याचं बोलून उठले. तो टोमणा होता का, हे मी कितीदा घोकलं असेल. तुमची जीभ तिखट होती खरी, पण चेहऱ्यावर निव्वळ कौतुक होतं. टोमणा असता तर मला सोसला असता.

जुनं लेबल खोडायचं नाही, चूक असली तर शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, हे तुम्हीच शिकवलंत. आज ती चिठ्ठी चिकटवली. संकलक म्हणून तुमचं नाव आहे. हे पत्र पाठवणार तरी कुठे? मामींना वाचून दाखवायचं धाडस माझ्यात नाही. ते टेबलाच्या खणातच राहील. म्हणून इथेच सांगते. चिकटवलेली चिठ्ठी दुसरी आहे, मामा. पहिली मी फाडली. तिच्यावर आपल्या दोघांची नावं होती, आणि माझं आधी लिहिलं होतं.