चौथ्या मजल्यावरचा कॉलम

४ नोव्हेंबर
आज आमच्या बांधकामावर फेरी मारली, नऊ मजले झालेत.
सकाळी जिना चढताना प्रत्येक कॉलमवर हातोडी वाजवत गेलो. मजूर म्हणून स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या फळ्या वाहायचो तेव्हापासूनची खोड. सगळे खणखणीत. चौथ्यावर जिन्यालगतचा बद्द वाजला. पुन्हा मारली. बद्दच.
सिद्रामप्पा मिस्त्री म्हणतो, "पलिस्तर सुटलं असंल की, मालक."
असेल. पण माझे कान...

५ नोव्हें.
प्लॅस्टर फोडलं. आत नुसती खडी, मूठ जाते. सिद्रामप्पानं आत हात घालून बघितला. मग, "त्या दिशी तुमीच वरडला की. रस्सा गार होतोय, चला म्हनून. गड्यांनी व्हायब्रेटर काढला अन् पळाले."
खरं आहे. मजला उरकला की मटण, ही प्रथा मीच पाडली. शेवटचा कॉलम हाच होता; व्हायब्रेटर पुरा फिरला नाही, म्हणून काँक्रीट आत नीट बसलंच नाही. चौथ्या मजल्याच्या मटणाची खरी किंमत आज कळली: दोन बोकड, पोतंभर ज्वारीच्या भाकरी आणि एक कॉलम.

६ नोव्हें.
डिझायनर साहेब आले. कॉलमचा तुकडा कापून तपासणीला पाठवला. खाली-वर टेकू लावले. "रिपोर्ट येईपर्यंत वर एक घमेलंसुद्धा नेऊ नका." कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं जॅकेट घालून भागेल, की वरचं सगळं उतरवायचं? सांगत नाहीत.
चौदा मजले ठरलेत. फाटकावर पाटी आहे, सोलापुरातली सगळ्यात उंच इमारत. माळशिरसला भावकीत गेलो की चहाआधी हेच सांगतो.

८ नोव्हें.
पाचव्यावरच्या प्लॅस्टरवाल्यांना खाली बोलावलं. का विचारलं, तर पाणी नाही म्हणालो. खोटं.
बायको, मंगल, जेवताना: "चव्हाण सरांना सांगितलंत?" पाचव्यावरचा फ्लॅट त्यांचा, नेमका या कॉलमच्या डोक्यावर.
"रिपोर्ट येऊ दे."
"अन् वाईट आला म्हंजे? तवा काय पेपरात वाचायचं व्हय त्यांनी?"
भाकरी अर्धीच ठेवली.

११ नोव्हें.
सरांना बोलावून भोक दाखवलं. रस्सा, घाई, सगळं सांगितलं. चष्मा पुसून पुन्हा वाकून बघितलं त्यांनी. निवृत्तीचे सगळे पैसे याच फ्लॅटमध्ये घातलेत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"दुरुस्त केल्यावर तुम्ही स्वतः राहाल का इथं?"
'हो' ओठावर आलं होतं. गिऱ्हाइकापुढं मी कधी अडत नाही. आज अडलो. "रिपोर्ट बघून सांगतो, सर."
"मग मीही तेव्हाच सांगतो." रिक्षा बोलावली नि गेले. चहा तसाच.

१४ नोव्हें.
रिपोर्ट नाही. फोन केला, तर सोमवारी बघा म्हणे. दिवसातून तीनदा चौथ्यावर जातो. हातोडी नेत नाही.
सिद्रामप्पा: "पाटी काढू का, मालक?" काढ म्हटलं. मग राहू दे म्हटलं.
समोरची इमारत अकरा मजल्यांची आहे. लोक राहतात. आपले अजून नऊच, पाटीवर मात्र सगळ्यात उंच.