कडब्याच्या खोलीतला डोंगर

माय, परवा जेसीबी येणार आहे आणि मी तुझ्यावर चिडून बसलो आहे. मुलगा जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतो आहे. बांधू दे. पण कडब्याच्या खोलीत तुझी भिंत आहे आणि तिच्यावर तुझ्या शेवटच्या वर्षीचा डोंगर. आपण बौद्ध झालो, देव नाल्यात सोडले, तेव्हा ती भिंत ओकीबोकी दिसायला लागली म्हणे. म्हणून तू दर वर्षी जयंतीच्या आधी तिच्यावर समोरचा डोंगर काढायचीस. डोंगराला डोंगराचीच लाल माती, शेताला शेतातली काळी. ओल्या मातीत खोचलेलं कुसळी गवत, आणि नाल्यातले बारके शंख म्हणजे चरणाऱ्या बकऱ्या. खरा डोंगर मुरमासाठी अर्धा कोरून नेला. पुरा आहे तो तुझ्या भिंतीवरच.

मुलगा म्हणतो, "बाबा, फोटो काढला ना मोबाइलमधी. आता काहून जीव खाऊन राह्यले?" फोटोवरून हात फिरवता येतो का? मला तो डोंगर नव्या घरात मातीचाच हवा आहे. महिनाभर एका प्लायवर खटपट करतो आहे. लाल माती बसते. काळी वाळली की वैशाखातल्या वावरासारखी भेगाळते आणि सकाळी खाली खपल्यांचा ढीग. शेण घालून पाहिलं, भुसा घातला, धावड्याचा डिंक घातला. बीपीची गोळी घेतली की नाही, तेही आठवत नाही हल्ली.

राग याचा, की तुला ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. मागच्या अंगणात तू माती कालवते आहेस, कोपरापर्यंत हात काळे. मी घमेल्यात हात घालतो. तू त्याच हाताने माझ्या मनगटावर फटका देतेस. "पोट्टा हायेस ना तू? हे बायाइचं काम हाय. शाळंत जाय, सायेब हो!" साहेब! चौथीनंतर कापसाच्या जिनिंगवर लावलंत मला. शाळाही गेली, मातीही गेली. शिकवलंस कुणाला, तर ताईला, जिला शेणाचा वास सोसत नव्हता. काल तिच्या सासरी, केनवडला फोन लावला.

"ताई, माय काळ्या मातीत काय टाके व?"

"मले काय ठाव, बाप्पा! मी तं नाक दाबून बसो. माह्या घरी टाइल्स हायेत आता. तू कायले या वयात चिखलात लोळून राह्यला?" आणि हसली. मी फोन बंद केला.

तसाच तणतणत कडब्याच्या खोलीत गेलो आणि तुझ्या शेताचा एक तुकडा उलथन्याने उपटला. जी जपायची तीच भिंत फोडली. तुकड्याच्या कडेला पांढुरके धागे लोंबत होते. अंबाडी. बोटबोटभर कापलेली, ओढली तरी अजून तुटेना. एवढंच होतं. एक शब्द, माय! तोसुद्धा तुझ्या तोंडून निघाला नाही.

आज अंबाडीचा दोर उकलून कापला, तुझाच तुकडा भिजवून त्यात मळला आणि प्लायवर शेत लावलं. कडा वाळल्या आहेत. भेग नाही.

सून उभी राहून पाहत होती. "बाबा, तुमी माती मनगटानं लोटून राह्यले. कोणं शिकवलं?"

"कोणंच नाही," मी खेकसलो.

हा कागद तुझ्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवणार होतो. नाही ठेवत. तुला वाचता कुठे येत होतं? आणि राग गेला, असं समजू नकोस. फक्त सुनेला सांगितलं ते खरं नाही. कालवताना तू मला हाकलायचीस, पण भिंतीवर मनगटाने माती लोटायचीस तेव्हा मी उंबरठ्यावर बसून असायचो. तुला दिसायचो. तू दार कधी लावून घेतलं नाहीस.