तिघांचा एकच जबाब

पिपरी मेघे, वर्धा
२५ ऑगस्ट १९७४

चि. गुलाब यास,
ताईचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं कार्ड परवा मिळालं. सुखरूप आहे, काळजी नसावी. एवढ्या चार शब्दांसाठी कलकत्त्याहून वर्ध्यापर्यंत टपालखात्याला दमवलंस!

बाबांनी बातमी त्याच्याआधीच वाचली होती. पॉइंट्समनच्या नोकरीतून सुटले तरी सकाळचा स्टेशनचा फेरा सुटलेला नाही, हे तुला ठाऊक आहेच. तिथल्या बाकावर बसून नागपूरचा पेपर वाचतात. त्या दिवशी पेपर सदऱ्यात घालून घरी आले आणि माझ्यापुढे ठेवला. आसामात चहाच्या मळ्याजवळच्या धावपट्टीवर डाकोटा विमान घसरून नाल्यात गेलं, एक हवाई सुंदरी गंभीर जखमी, बाकी सर्व सुखरूप, अशी बातमी. खाली कॅप्टनचं नाव होतं, सहवैमानिक म्हणून तुझं नव्हतं. बाबा म्हणाले की हे आपल्या गुलाबचंच इमान होय, मंग त्यानं काऊन नाई लिहिलं? मी म्हटलं, लिहील. मग तुझे चार शब्द आले, आणि बाबांनी ते कार्ड उलटून पालटून पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या फ्लाइंग क्लबातून वर्ध्यावरून विमान नेणार होतास, तेव्हा गच्चीवर कोणत्या रंगाचं लुगडं नेसून उभी राहू हे सांगायला तू तीन पानं लिहिली होतीस. आता विमान नाल्यात गेलं तर चार शब्द? काहीतरी दडवतो आहेस. त्या बिचारीला किती लागलं? तुला खरंच काही झालं नाही ना? सविस्तर लिही.

आईचे गुडघे बरे आहेत. तिला मी फक्त पाऊस फार होता एवढंच सांगितलं आहे.

जीव लावून आहोत, हे विसरू नकोस.

तुझी,
कमलाताई

कलकत्ता
४ सप्टेंबर १९७४

ती. कमलाताईस,
गुलाबचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उगाच घाबरून गेलात. मला खरचटलंसुद्धा नाही. घडलं ते असं : धावपट्टी उतरण्यास योग्य असताना अचानक आलेल्या आडव्या वाऱ्यामुळे विमान घसरले. सूचना देऊनही हवाई सुंदरी जागेवर बसलेली नव्हती, त्यामुळे तिला इजा झाली. तिचं नाव सुलोचना. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. इथल्या इस्पितळात आहे.

आमचे कॅप्टन मधुकरराव यांच्याबद्दल मनात काही आणू नका. त्या पट्टीवर ते शेकडो वेळा उतरलेले आहेत. मी कंपनीत आलो तेव्हा आडनाव ऐकून काहींची बोलणी आखडली होती, पण त्यांनी पहिल्याच दिवशी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. मला हात धरून शिकवलं. अपघातानंतरही त्यांनीच आम्हांला सावरलं. ते, मी आणि आमचे रेडिओ ऑफिसर पुंडलिकराव असे तिघं एकत्र बसलो आणि जबाब लिहून काढले, म्हणजे कुणाचा गोंधळ उडायला नको. नोव्हेंबरात चौकशी आहे. ती नुसती रीत आहे असं सगळे म्हणतात.

बाबांना म्हणावं, स्टेशनवरचे पेपर कमी वाचा. तुझी चौथीची पोरं काय म्हणतात?

घरच्या सगळ्यांचा हात डोक्यावर राहू द्यावा.

आपला,
गुलाब

पिपरी मेघे, वर्धा
२२ सप्टेंबर १९७४

चि. गुलाब यास,
ताईचा जयभीम वि. वि.

नऊ वर्षं मी चौथीचे पेपर तपासते आहे. पोरगं आपल्या मनचं कुठे लिहितं आणि शेजाऱ्याच्या पाटीत बघून कुठे उतरवतं, ते मला दोन ओळींत कळतं. तुझ्या पत्रातल्या त्या दोन ओळी तुझ्या नाहीत. तू ‘घसरले’, ‘बसलेली नव्हती’ असं कधीपासून लिहायला लागलास? बाबांनी मागून आणखी एक कात्रण आणलं. त्यात कॅप्टनचं म्हणणं छापलं आहे. धावपट्टी उतरण्यास योग्य असताना अचानक आलेल्या आडव्या वाऱ्यामुळे. अक्षर न् अक्षर तेच! मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

बाबा म्हणाले की रेल्वेत त्यांनी तीन चौकशा पाहिल्या. गाडी रुळावरून उतरली की ड्रायव्हर एक सांगतो, गार्ड दुसरं, सांधेवाला तिसरं, कारण ज्याला जिथून दिसलं तसं तो सांगतो. समदे एकच सांगून राह्यले म्हणजे कोणीच पाह्यलेलं सांगून नाई राह्यलं.

आता दुसरी गोष्ट. गेल्या रविवारी दुपारी एक गृहस्थ घरी आले. तुमचे ते पुंडलिकराव. हिंगणघाटला सासुरवाडी आहे, वाटेत तुमची चौकशी करावी म्हणून उतरलो, असं म्हणाले. बोलायला फार गोड. चहा घेतला, आईच्या पाया पडले. पण फिरून फिरून एकच विचारत होते : गुलाब घरी पत्रं लिहितो का? अपघाताबद्दल काय लिहिलं? ते पत्र जरा बघायला मिळेल का? मी सांगितलं की त्याला लिहिण्याचा कंटाळा, चार शब्दांचं कार्ड तेवढं आलं. खोटं बोलले, पण मला तो माणूस बरा वाटला नाही. संध्याकाळी बाबा स्टेशनवर गेले होते. त्यांनी काय पाहावं? हे गृहस्थ हिंगणघाटला न जाता कलकत्त्याच्या मेलमध्ये चढत होते!

गुलाब, एवढ्या लांबून एक माणूस फक्त तुझी पत्रं हुंगायला येतो, तो कुणी पाठवलेला? तुझ्या कॅप्टनचा डबा चांगला असेल, पण त्यात काय काय वाढलं जातं आहे ते बघ. आणि त्या पोरीला सूचना दिली होती ना? एवढंच खरं सांग.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी,
कमलाताई

कलकत्ता
६ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

यापुढे पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाकू नकोस. मागे दिलेल्या खोलीच्या पत्त्यावर टाक. तुझं मागचं पाकीट मला पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं. खरंच तसं होतं की मीच आता सगळीकडे तसं बघतो, कळत नाही. ऑफिसात दोघं बोलत असले आणि मी आलो की थांबतात, असं वाटतं. पुंडलिकराव वर्ध्याला येऊन गेले, हे त्यांनी मला एका शब्दानं सांगितलेलं नाही. रोज भेटतात, हसतात.

सूचना दिली नव्हती, ताई.

आता सगळं सांगतो. मळ्याच्या पट्टीपासून वीस मिनिटांवर होतो तेव्हा पुंडलिकरावांना रेडिओवर निरोप मिळाला की पट्टीच्या शेवटच्या भागात पाणी साचलं आहे. त्यांनी तो कॅप्टनना सांगितला. मागे मोठा, पक्का विमानतळ होता. तिथं वळता आलं असतं. कॅप्टन म्हणाले की ही पट्टी मला ओळखते, आणि ते हसले. पुंडलिकराव हसले. मग मीही हसलो. मी का हसलो ते मी रोज स्वतःला विचारतो. वळावं असं मला वाटत होतं. पण मला वाटलं, वीस वर्षं उडणारा माणूस हसतो आहे, दहा वर्षं रेडिओ सांभाळणारा हसतो आहे, भीती फक्त मलाच वाटते आहे, म्हणजे चूक माझीच असणार. आणि आणखी एक वाटलं, तेही लिहितो. मी नको म्हटलं असतं तर हा पोरगा घाबरला एवढंच कुणी म्हटलं नसतं. ह्यांच्यातला घाबरला, असं म्हटलं असतं.

खाली आलो तेव्हा समोरची काच पावसानं पांढरी झाली होती. मी एवढंच म्हणालो की सर, पाऊस जरा जास्त दिसतो. त्यांनी हुं केलं. पुढं मी बोललो नाही. उतरण्याआधी सगळ्यांनी बसून घ्यावं म्हणून मागे घंटा द्यायचं काम माझं. काचेकडे बघता बघता ते राहिलं. सुलोचना प्रवाशांचे पट्टे बघत उभी होती.

त्या संध्याकाळी जबाब लिहिताना कॅप्टननी मला विचारलं की घंटा दिली होतीस ना? त्यांच्या डोळ्यांत मला वाचवायचंच होतं. मी हो म्हटलं. बाकी दोघांनी मान हलवली आणि ते खरं होऊन बसलं. परवा कंपनीनं सुलोचनाला निष्काळजीपणाची नोटीस दिली. तिनं इस्पितळातून निरोप पाठवला आहे : गुलाबभाऊ, घंटा मला ऐकू आली नाही, माझे कान खराब झाले का?

बाबांना हे वाचून दाखवू नकोस. निदान आत्ताच नको.

मी काय करावं ते सांगू नकोस, फक्त रागावू नकोस.

गुलाब

कलकत्ता
१२ नोव्हेंबर १९७४

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

तू उलट टपाली एकच ओळ लिहिलीस, की आधी त्या पोरीला भेट. त्यासाठी मी इस्पितळात गेलो. जिन्यात पुंडलिकराव भेटले. तेही तिलाच भेटायला आलेले. दोघंही चोरासारखे उभे राहिलो. शेवटी मीच विचारलं की वर्ध्याला कुणी पाठवलं होतं? ते पायरीवर बसले आणि म्हणाले की कुणीच नाही. त्यांना त्या दिवशी वळायचं होतं. पाण्याचा निरोप दोनदा सांगायचा होता, पण आम्ही दोघं हसलो म्हणून एकदाच सांगितला. तेव्हापासून त्यांना झोप नाही. मला सरळ विचारायची भीती, कारण मी कॅप्टनचा लाडका. म्हणून वर्ध्याला आले, मी घरी तरी खरं लिहिलं असेल तर बघावं म्हणून. आणखी एक माणूस मिळाला तर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तू म्हणालीस की चार शब्दांचं कार्ड, आणि ते परत गेले.

तरीही, ताई, माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, हाही सापळा असेल.

परवा चौकशी झाली. मला पहिलं बोलावलं. समोर तिघांचे जबाब होते. मी सांगितलं की ह्यातलं एकही वाक्य माझं नाही, घंटा मी दिली नाही, सुलोचनाचा दोष नाही. पाण्याचा निरोपही सांगितला. मागं बघायची हिंमत नव्हती. मग पुंडलिकराव उठले. त्यांनी आधी कॅप्टनकडे पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं. मग त्यांनी खिशातून रेडिओची वही काढून टेबलावर ठेवली. निरोपाची वेळ तिच्यात लिहिलेली होती.

शेवटी कॅप्टन. मला वाटलं होतं ते माझ्यावर उलटतील. ते म्हणाले की त्या दिवशी मलाही पट्टी नीट दिसत नव्हती. माझ्या मनात होतं, दोघांपैकी एकानं जरी स्पष्ट म्हटलं तर वळू. निरोप एकदाच आला, पोरगा पावसाबद्दल एकदाच बोलला. मला वाटलं, ह्यांना धोका वाटत असता तर पुन्हा बोलले असते.

ताई, कॉकपिटमध्ये आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही वळायचं होतं.

निकाल असा : कॅप्टनचं लायसन्स गेलं. माझं सहा महिने बंद. पुंडलिकरावांना ताकीद. सुलोचनाची नोटीस मागे घेतली, पण ती लंगडत चालेल, ते कुणी मागे घेऊ शकत नाही. बाहेर पडताना कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा त्रास सगळ्यात जास्त झाला.

आता बाबांना सगळी पत्रं वाचून दाखव. दसऱ्याला ते दीक्षाभूमीवर जाऊन आले का? मी पुढच्या आठवड्यात घरी येईन म्हणतो. येऊ का?

पदरात घ्यावं.

गुलाब

पिपरी मेघे, वर्धा
२० नोव्हेंबर १९७४

चि. गुलाब यास,
ताईचा सप्रेम जयभीम वि. वि.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. अंगणात खाटेवर बसून ऐकलं. मला वाटलं होतं, तू सगळ्यांत आधी खरं बोललास म्हणून त्यांना बरं वाटेल. आईनं तर डोळ्याला पदर लावला आणि लगेच तुझ्यासाठी सांडग्यांचा डबा उघडून बघितला. पुंडलिकरावांना मीही एक पत्र टाकणार आहे. दारात आलेल्या माणसाला मी खोटं सांगण्याऐवजी माझ्या मनातली शंका सांगितली असती तर सुलोचनाला नोटीस निघालीच नसती, हे मला आता टोचतं.

बाबांनी मात्र पावसाची ती ओळ तेवढी पुन्हा वाचायला लावली. सर, पाऊस जरा जास्त दिसतो. दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं की त्यानं दुसऱ्यांदा काऊन नाई म्हटलं? मी सांगितलं की बाबा, त्यानं लिहिलं आहे ना, त्याला काय काय वाटलं ते. ते म्हणाले की ते मले समजलं, ते वाटण्याचं झालं. म्हणायले तोंड होतं, समोर माणूस होता, येळ होता. मंग काऊन नाई?

ह्याचं उत्तर त्यांना कागदावर नको आहे, तुझ्या तोंडून हवं आहे. येजो म्हणाव, असं म्हणाले आणि काठी घेऊन तुझ्या गाडीची वेळ विचारायला स्टेशनवर गेले.

वाट बघते आहे.

तुझी,
कमलाताई