सरमिसळ पुंगळ्या

शनि. ८ मार्च
सकाळी शूटिंग रेंज. एकटाच. सुनीताने निवडून ठेवलेल्या काडतुसांतली शेवटची पन्नास संपली. नेम जेमतेम.
गराजमध्ये उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या तीन बादल्या झाल्यात. धुतलेल्या, चकचकीत, पण न निवडलेल्या. बुडावरचा शिक्का बघून कंपनीप्रमाणे वेगळ्या करायच्या, मगच दारू-गोळी घालून पुन्हा भरायच्या, हा तिचा नियम. आम्हा नवरा-बायकोत नेमबाज तीच. कॉलेजात एनसीसीची रायफल गाजवलेली. टेक्सासला, डॅलसजवळ फ्रिस्कोत आल्यावर मलाही तिनेच शिकवलं.
तिच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला म्हणून दोन महिन्यांसाठी नागपूरला गेली. १९ एप्रिलला वर्ष होईल.

मंगळ. ११ मार्च
जी भीती होती, वकील तेच म्हणाला. सलग वर्षभर बाहेर राहिली तर ग्रीन कार्ड धोक्यात. सु.ला फोन केला.
"अण्णांना भरवून राहिले रे. नंतर बोलू."
अण्णांचा उजवा हात अजून उचलत नाही. मुलगी ती एकटीच.
नंतर बोलणं झालं नाही.

रवि. १६ मार्च
निवडायला बसलो. चष्मा लावून, दिव्याखाली धरूनही शिक्के नीट दिसेनात. सु. हे बिनचष्म्याने करायची, तोंडाने अखंड गप्पा. ऑफिसातलं, शेजारणीचं, तिच्या कुठल्याशा मामेबहिणीच्या लग्नातलं. मी हं हं करायचो. त्यातलं निम्मंसुद्धा आठवत नाही आता. दहा मिनिटांत उठलो.

शनि. २२ मार्च
रेंजवर डेल भेटला. सत्तरीचा, तीस वर्षं स्वतःच्या गोळ्या स्वतः भरतोय. बादल्यांचं सांगितलं तर हसला. "मॅच खेळतोस का? पंचवीस यार्डांवर सरावच ना? मग सरळ मिसळ की. दारूचा भार हलका ठेव, तडा गेलेल्या फेकून दे. झालं."
सु.ला न विचारता?

बुध. २६ मार्च
चाळीस भरल्या, सरमिसळ. काहींत प्रायमर, बुडातली ठिणगीची टोपी, बसेना, आतली कडाच आवळलेली. जोर नाही केला, बाजूला काढल्या. बाकी ठीक. पण दर वेळी गोळ्या भरायच्या प्रेसचा दांडा ओढताना वाटत होतं, आता मागून आवाज येईल, "काय करून राहिला?"

शनि. २९ मार्च
चाळीसच्या चाळीस मारल्या. छिद्रं तळहाताएवढ्या जागेत. निवडलेल्यांची पडायची तशीच. फरक शून्य.
आनंद व्हायला हवा होता.

रवि. ३० मार्च
पाडवा. पॅटिओवर गुढी उभारली. तिच्या कपाटातली हिरवी साडी घेतली. घडीला अजून तिच्या पावडरीचा वास. बराच वेळ नेसवलीच नाही काठीला.
न निवडता भरल्याचं फोनवर कबूल केलं. भांडेल वाटलं होतं.
"माहीतच होतं मला. सरावाला काही फरक पडत नाही."
"मग सात वर्षं निवडत कशाला बसलो आपण?"
"दोन तास माझ्यासमोर बसायचास ना. एरवी बसतोस कुठे तू?"
गुढी छान दिसतेय, असं काहीतरी म्हणालो.

रवि. ६ एप्रिल
तीन दिवस फोन नाही. मेसेज फक्त, 'अण्णांना ताप.' मीही परतीच्या तारखेचं विचारलं नाही. विचारलं तर चिडेल. नाही विचारलं तर तिला वाटेल, याला काही पडलेली नाही.
चहा दोन कप झाला. सवयीने.

शनि. १२ एप्रिल
रेंजला गेलो नाही. सकाळी सु.चा फोन. तिकडे संध्याकाळ. अण्णांचा ताप उतरलाय.
"तिकीट बघितलंस?" मी.
"बघितलं. डॅलस ते नागपूर."
"उलटं बोललीस."
"नाही."
आधी समजलंच नाही, माझ्या तिकिटाचं म्हणतेय. मग घर आठवलं, नोकरी आठवली, १९ तारीख आठवली. तोंडातून निघालं, "बघतो."
"बघतो नको म्हणूस, श्रीकांत. येतो म्हण, नाहीतर नाही म्हण. मला..."
आतून अण्णांनी हाक मारली. ती तशीच उठून गेली, फोन चालू ठेवून. तिच्या चपला, अण्णांचं खोकणं, पाण्याच्या भांड्याचा आवाज. मग ती हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगत होती, गमतीचं असावं.
मी फोन कानाला लावून बसलो. ठेवला नाही.