शिफारसपत्रातली गाळलेली ओळ

सर,

"तुझं शिफारसपत्र तूच लिही, मी डोळे झाकून सही करतो," म्हणालात. स्वतःचीच टिमकी वाजवायची म्हणजे किळसवाणं काम, तरी लिहिलं. त्यात एकच ओळ मनापासूनची होती: 'चूक कोणाचीही असो, ही लपवत नाही.'

गेल्या वर्षी मीच तुम्हाला ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख दाखवला होता. ज्या परग्रहानं तुमचं नाव झालं तो ग्रह नाहीच, त्या ताऱ्यावरचा नुसता डाग आहे. तुम्ही चहा ढवळत म्हणालात, "आधी पोटापाण्याचं बघ."

काल पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा मिळाली. कार्यालयातल्या बाईंनी फाइल हातात दिली, त्यात ते पत्र होतं. सगळी स्तुती जशीच्या तशी, तेवढी एक ओळ गाळलेली. शिसारी आली मला. म्हणजे सही करताना डोळे चांगले उघडे होते तुमचे!

आणि काम काय, तर तुमच्याच ग्रहाच्या हवेत दोन वर्षं पाण्याची वाफ शोधायची. नसलेल्या ग्रहाची हवा!

हे पत्र मी धाडणार नाही. नेमणुकीच्या कागदावर सकाळीच सही करून आलेय. मीही डोळे उघडे ठेवूनच.

तुमच्याच हाताखाली तयार झालेली,
तुमची विद्यार्थिनी