दुसरी खेप

बाबा,

आज सकाळी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी घर सोडलं. त्यांच्या नव्या पिकअपला मागे ट्रॉली जोडली होती आणि तीत पलंग, फ्रिज, दिवाण असं एकावर एक चढत होतं. मी गॅलरीतून ओरडले, "अहो, किती भरता?" ते म्हणाले, "काकू, नवी गाडी हाय, सगळं ओढते." तेव्हा माझ्या तोंडून तुमचंच बोलणं निघालं, तुमच्याच सुरात: "ओढते किती हे काहून पाहून राहिले? किती वजन घेऊन थांबते, ते पाहा." त्यांनी हसत हसत दिवाण उतरवला. गाडी गेली, वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि तेव्हापासून घरात माझ्याशिवाय कोणाचा आवाज नाही. एकटं वाटतंय, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

भिवापूरला आपल्या घरासमोरच वखार होती. मिरचीच्या दिवसांत व्यापारी तुमच्या जीपमागच्या त्या दोन चाकी ट्रॉलीत पोती चढवत राहायचे. मिरची भारी फसवी. ढीग दिसतो एवढा मोठा आणि वजन काहीच नाही. धानाची चार पोती दिसत नाहीत, पण जीपचं कंबरडं मोडतात. त्यामुळे तुमचा डोळ्यांवर विश्वासच नव्हता. माल भरून झाला की तुम्ही ट्रॉली जीपपासून सोडायचात, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरायचात आणि उचलायचात. दांडी सहज वर आली तर माल मागे झुकलाय, ट्रॉली रस्त्यात शेपटी हलवणार. जागची हललीच नाही तर पोती उतरवा, व्यापारी मग कितीही कुरकुरू दे. आणि दांडी गुडघ्यापर्यंत येऊन तुमच्या तोंडून "हं" असा हुंकार निघाला, की वजन बरोबर. त्या "हं"नंतर तुम्ही एकही पोतं कधी काढलं नाहीत की घातलं नाहीत. आई तो स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तुमचा डबा भरायला घ्यायची.

आई गेल्यावर दोन वर्षं आपण दोघंच होतो. मग मला नागपुरात शाळेत नोकरी लागली आणि सक्करदऱ्याला याच घरात खोली मिळाली. निघायच्या दिवशी ट्रॉलीत माझी पेटी, खाट, भांडी, पुस्तकं, आणि आईचं सागवानी कपाट. मला खरं तर तेवढंच हवं होतं. सगळी गल्ली निरोपाला जमली होती. तुम्ही दांडी उचललीत, खाली ठेवलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "जास्त झालं. कपाट राहू दे."

"एवढं तं नेहमीच नेता तुमी, बाबा."

"उतारावर आवरत नाही वं माय. मी दुसरी खेप मारतो ना. येत्या ऐतवारी घेऊन येतो, तू सैपाक करून ठेवजो."

माझं डोकंच फिरलं. "तुमाले आईचं कपाट मले द्याचंच नाही, असं सांगा ना सरळ!" सगळ्या गल्लीसमोर बोलले. तुम्ही कपाट उतरवलंत. उमरेडला चहाला थांबलो, तिथे मी जीपमध्येच बसून प्यायले. खोलीवर आल्यावर तुम्ही खाट जोडून दिलीत, खिडकीची सैल कडी बसवलीत, तांब्याभर पाणी प्यायलात आणि निघालात.

चार दिवसांनी तुमचं कार्ड आलं, रविवारी कपाट घेऊन येतो म्हणून. मी उलट टपाली लिहिलं, "कपाट तिथेच असू द्यावे. येण्याची तसदी घेऊ नये." तसदी! हा काय बापाला लिहायचा शब्द आहे? पण मी शाळेतली नवी नवी बाई झाले होते, शुद्ध मराठीची मोठी ऐट होती. तुम्ही आला नाहीत. नंतर खुशालीची दोन कार्डं आली, त्यांत कपाटाचं नाव नव्हतं. आणि मिरचीचा हंगाम संपता संपता तुम्ही झोपेतच गेलात.

घर आवरायला आले तेव्हा कपाट ओसरीवर, अगदी दाराशी उभं होतं. मिरचीच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळलेलं, कोपऱ्यांना चिंध्या, दोराच्या गाठी आवळलेल्या, वर बोटभर धूळ. तुम्ही ते त्याच आठवड्यात बांधलं असणार आणि पुन्हा सोडलंच नसणार. तुमचे सदरे आत घरात दोरीवर लटकत होते. शेवटी कपाट दुसऱ्याच कुणाच्या ट्रॉलीतून इथे आलं. त्याचं दार उघडलं की मला अजून ठसका लागतो.

कपाट तेव्हा मागे का राहिलं असं कोणी विचारलं तर मी सांगते, बाबांचा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला. इतकी वर्षं हेच सांगत आले. हे पत्र कुठे टाकणार? त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. कपाटाच्या खालच्या खणात ठेवून देईन. पण एक लिहूनच टाकते. त्या दिवशी मी दांडीपासून दोन हातांवर उभी होते, बाबा. दांडी गुडघ्यापर्यंत आली होती. तुमच्या तोंडून "हं" निघाला होता. मी तो ऐकला होता, दुसरी खेप तुम्हाला कशासाठी हवी होती ते मला कळलं होतं, आणि तरीही ते तसदीचं कार्ड टाकलं.