सगळ्यांच्या पुढे मी

सोमवार, ११ एप्रिल १९९४. सकाळ.
निघालो. मी, बुर्गल आणि फिलो. स्कीवर चढत, डोंगरातल्या मुक्कामाच्या एका हटवरून दुसऱ्या हटवर करत वर जायचं, शुक्रवारी खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरायचं, तिथून बसने घरी. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे मी. यंदा हे लिहूनच ठेवायचं ठरवलंय. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या पायऱ्यांवर फिलो अख्ख्या गावाला सांगत होती, म्हणे खिंडीपर्यंत तिनेच नेलं.

मला अक्षर येत नाही. शाळा आमच्या शेताच्या खाली होती आणि शेळ्या वर. मी शेळ्यांकडे गेले. म्हणून मी सांगते आणि बुर्गल लिहिते. तिचा जन्म पोस्टात गेला, लोकांची पत्रं न उघडता वाचायची. तिला बजावलंय, मी सांगेन तेवढंच लिही.

तेव्हा लिही बाई: फिलोला यंदाही पुढे जाऊ द्यायचं नाही. जीव गेला तरी.

संध्याकाळ.
पोचलो. बर्फातली वाट मी फोडली. म्हणजे कुणीतरी आधी फोडून ठेवली होती, पण कच्ची होती. मी पक्की केली.

मधे मधे थांबले. दम लागला म्हणून नाही. मागच्यांना डोंगर नीट बघायला मिळावेत म्हणून. फिलो म्हणाली, अगं त्सेन्झी, हा डोंगर बघून झाला, आता दुसरा दाखव. असूया. दुसरं काय?

उद्यापासून ओझं कमी करायचं. डुकराच्या धुरावलेल्या मांसाचा तो अख्खा ठोकळा आणायलाच नको होता. आजच संपवावा म्हणून बसले, पण अर्ध्यातच जबडा दुखायला लागला.

मंगळवार, १२ एप्रिल.
चढ उभा. अशा ठिकाणी नागमोडी चढायचं, आणि वळण आलं की एक स्की उचलून हवेतच उलटी फिरवायची, मग दुसरी. पहिली मी झोकात फिरवली. दुसरीने ऐकलं नाही. एक पाय इटलीकडे, एक ऑस्ट्रियाकडे. तशीच उभी राहिले, मग तशीच बसले. बुर्गल म्हणाली, पासपोर्ट आणलायस ना?

बसल्या बसल्या बर्फाचे थर तपासले. पुढे चालणाऱ्याचं ते कामच असतं.

तेवढ्यात खालून दुसरी टोळी आली. त्यांचा गाइड इंगेनुईन आमच्याच दरीतला, बाकी सगळे म्युनिकचे. सगळ्यांच्या पुढे दातांचा एक जाडजूड डॉक्टर, घामाने चिंब, तोंड टोमॅटोसारखं. म्हणजे नेता तो. एका नेत्याने दुसऱ्याला करावा तसा मी त्याला नमस्कार केला. तो म्हणाला, काय आजी, कशी आहेस? इतक्या उंचीवर सगळ्यांना अगं-अरेच करायचं असतं, म्हणून सोडून दिलं. त्याला पुढे बोलायचं होतं, पण श्वास पुरला नाही.

बुधवार, १३ एप्रिल.
वादळ. दिवसभर हटमध्येच. इथल्या सपाता सगळ्यांसाठी असतात. मला दोन्ही डाव्या पायाच्या मिळाल्या. म्हणून जिन्यात पडले. वयाचा काही संबंध नाही.

चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची कातडी असते, ती ओली झाली होती. बाकी दोघींनी आपापली दोरीवर टांगली. मी अनुभवी. चुलीवर टांगली, लवकर वाळेल. वाळली. डिंकही वितळून चुलीवर वाळला. हटवाली वाल्ट्राउड सुरी आणून चूल खरवडत बसली. फिलो म्हणाली, भाजून झाली असेल तर एक तुकडा मलाही वाढ.

आता कातडी दोरीने बांधलीये. डिंकापेक्षा दोरीच बरी, असं माझं पहिल्यापासूनच मत होतं.

पत्ते खेळलो. हरले. पत्ते खराब होते.

गुरुवार, १४ एप्रिल. संध्याकाळ.
शेवटची हट. दोरी वाटेत नऊ-दहा वेळा सुटली, तरी पुढे मीच.

उतारावर फिलो पडली. गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि एका डोळ्याने रडताना दुसऱ्या डोळ्याला हेही दिसलं की आता पुढची जागा कुणी मागणार नाही.

मागे फिरायचं तर तीन दिवसांची वाट. खिंडीपलीकडे अर्ध्या दिवसात बस. म्हणून उद्या हळूहळू का होईना, खिंडच. इथवर सगळं ठीक. मग बुर्गलने सूप पिता पिता सांगितलं, उद्या पुढे फिलो.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, अगं, तिला पाय टेकवत नाही! बुर्गल म्हणाली, म्हणूनच. फिलो बाकावर बिशपसारखी ताठ बसली होती, पाय उशीवर. म्हणाली, कधीतरी माझीही पाळी यायचीच ना गं त्सेन्झी.

इतक्या वर्षांची माझी जागा. जेवले नाही. म्हणजे दोनच क्नोडल खाल्ले, पावाचे ते मोठे गोळे.

शुक्रवार, १५ एप्रिल. दुपार, बसथांब्यावर.
सकाळी दारात इंगेनुईन स्की बांधत होता. त्याच्याकडे तक्रार केली. म्हटलं, बघ बाबा, तुमच्याकडे कसा डॉक्टर नेता आहे, आणि आमच्याकडे लंगडीला पुढे घातलंय.

तो हसायला लागला. म्हणाला, कोण नेता? तो डॉक्टर? अगं आजी, सगळ्यात सावकाश चालतो तो पुढे. त्याच्या चालीने बाकीचे. नाहीतर तो मागे राहतो आणि मला शोधत फिरावं लागतं. तू शेळ्या राखल्यास ना? लंगडी शेळी कुठे घालायचीस?

पुढे.

मी बुर्गलकडे बघितलं. बुर्गल हातमोजे घालत होती. फारच वेळ घालत होती.

खिंडीपर्यंत मी मधे, बुर्गल मागे. हिशेबाने बघितलं तर आज मला बढती मिळाली. पण बढतीत पुढ्यात फिलोची पाठ सोडून काही दिसत नाही. ती दात-ओठ खात, कण्हत, एक एक पाऊल टाकत होती, आणि मान अशी ताठ, की वाटावं हिच्यामागे पलटण चाललीये. वर पोचल्यावर जो पुढे असतो तो जर्दाळूची दारू ओततो. तिने ओतली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, पाहिलंस त्सेन्झी, कसं नेलं?

इंगेनुईनचं बोलणं जिभेच्या टोकावर होतं. दारूबरोबर गिळलं. म्हटलं, झकास नेलंस गं. गावात सांग सगळ्यांना.

आता ती थांब्यावर बाकावर घोरतेय. बुर्गलला म्हटलं, लिही: पुढच्या एप्रिलपर्यंत फिलोचा गुडघा बरा होईल. तोवर मी सराव करणार. थोडं लंगडायचं, मधे मधे धापा टाकायच्या, असं नाटक करायचं की पुढची जागा तुला मलाच द्यावी लागेल.

बुर्गलने पेन थांबवलं. म्हणाली, नाटक कशाला करतेस गं? नुसती ये.